समाजसंपर्क : एका खर्चशीर्षाचा खुलासा

या अहवालासोबत जोडलेल्या आयव्यय पत्रकात खर्चाच्या बाजूस ‘समाजसंपर्क’ असे एक शीर्ष आहे. समाजसेवा विभागातील कार्यकर्त्यांचे वेतन, वस्त्यांमध्ये व गावांमध्ये जाण्यायेण्याचा खर्च, गरजू रुग्णांना दिलेले गाडीभाडे आणि कागदपत्रांसाठी झालेला किरकोळ खर्च यांचा त्यात समावेश होतो. याच रकमेत एखादे उपकरण घेता आले नसते काय, असा प्रश्न आमच्या हितचिंतकांकडून अधूनमधून विचारला जातो. प्रश्न सद्‌भावनेने विचारलेला असतो व तो रास्तही आहे. उपकरणावर देणगीदाराचे नाव कोरता येते आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखविता येते. वस्तीत जाऊन लोकांशी बोलणाऱ्या कार्यकर्त्याचे काम असे दाखविता येत नाही. म्हणून या कामामागील विचार वाचकांपुढे थोडा विस्ताराने मांडावा, असे आम्ही ठरविले.

हा विचार आमचा नाही. जगात अनेक ठिकाणी तो पडताळला गेला आहे. त्यांपैकी अमेरिकेतील एका विद्यापीठाचे उदाहरण आम्ही येथे घेतले आहे. ते साठ वर्षांपूर्वीचे असल्याने त्याचे दूरगामी परिणाम आज स्पष्ट दिसतात आणि त्याची नोंदही चांगली ठेवली गेली आहे.

आरोग्यातील विषमता म्हणजे काय

दोन माणसांच्या प्रकृतीत फरक असणे स्वाभाविक आहे. परंतु जो फरक शरीरामुळे न पडता उत्पन्न, राहण्याचे ठिकाण, जात, वर्ण, शिक्षण किंवा स्त्री असणे यांमुळे पडतो, त्यास आरोग्यातील विषमता म्हटले जाते. आजार तोच, औषधही तेच. पण एक रुग्ण पहिल्या आठवड्यात येतो आणि दुसरा तिसऱ्या महिन्यात. या अंतरातच पुष्कळदा रुग्णाचे भवितव्य ठरते.

रुग्णालयाच्या दृष्टीने यातील अडचण अशी, की आमच्या सर्व नोंदवह्या उंबरठा ओलांडून आत आलेल्यांच्या असतात. केसपेपर निघाला, खाट मिळाली, बिल झाले, म्हणजे त्या व्यक्तीची नोंद झाली. जी व्यक्ती आलीच नाही, तिची नोंद कोणत्याही वहीत नसते. त्यामुळे विषमता कमी करावयाची तर कोणी तरी उंबरठ्याबाहेर जावे लागते.

मिसिसिपीचा डेल्टा आणि टफ्ट्स विद्यापीठ

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी राज्यात नदीच्या गाळाने बनलेला सुपीक सपाट प्रदेश आहे. त्यास डेल्टा म्हणतात. तेथील बोलिव्हर परगण्यात कापसाचे मोठमोठे मळे होते आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज ते मळे बटाईने कसत. विसाव्या शतकाच्या मध्यास कापूस वेचणारी यंत्रे आणि तणनाशके आली व या कुटुंबांचे काम गेले. सरकारकडून मिळणाऱ्या मोफत धान्याऐवजी पुढे अन्नाची कुपने आली. ती घेण्यासाठी काही रक्कम रोख भरावी लागे, आणि रोख पैसा तर घरात नव्हताच. अनेक घरांना शुद्ध पाणी नव्हते, शौचालय नव्हते. रुग्णालयांमध्ये वर्णानुसार भेद पाळला जाई.

याच परगण्यात माउंड बायू हे गाव आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी ते १८८७ मध्ये वसविले. कृष्णवर्णीयांच्या एका परस्पर साहाय्य संस्थेने सभासदांच्या वर्गणीतून १९४२ मध्ये तेथे टॅबोरियन रुग्णालय उभारले होते. वर्गणी व दानावर उभ्या असलेल्या आमच्यासारख्या संस्थेस त्या प्रयत्नाविषयी सहजच आपुलकी वाटते.

जॅक गायगर या डॉक्टरांनी विद्यार्थिदशेत, १९५७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे काही महिने काम केले होते. सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० मध्ये तेथे आरोग्यकेंद्र काढले होते. रुग्णास औषध देण्याबरोबरच त्याचे घर, पाणी, परसबाग व आहार यांकडे लक्ष देण्याची पद्धत त्यांनी घालून दिली होती. १९६४ च्या उन्हाळ्यात नागरी हक्कांच्या चळवळीच्या निमित्ताने गायगर मिसिसिपीत आले. तेथील हलाखी पाहून त्यांना फोलेलाची आठवण झाली. बॉस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठातील प्राध्यापक काउंट गिब्सन यांच्या साहाय्याने त्यांनी केंद्र शासनाकडे प्रस्ताव दिला. दारिद्र्यनिर्मूलनासाठी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय कार्यालयाने निधी मंजूर केला. पहिले केंद्र डिसेंबर १९६५ मध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट या वसाहतीत आणि दुसरे १९६७ मध्ये माउंड बायू येथे सुरू झाले.

येथे एक प्रश्न पडतो. बॉस्टन तेथून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर. मग हे काम तेथील विद्यापीठाकडे का आले? यामागे कायद्यातील एक तरतूद होती. या योजनेतील अनुदान नाकारण्याचा अधिकार राज्याच्या गव्हर्नरांना होता, परंतु उच्च शिक्षणसंस्थांना मिळणाऱ्या अनुदानास तो लागू नव्हता. विद्यापीठ मध्ये असल्यामुळेच हा निधी डेल्टातील गरिबांपर्यंत पोहोचू शकला. मोठ्या संस्थेचे नाव व कायदेशीर स्थान दुर्बलांच्या कामी कसे येते, हे यावरून दिसते.

दवाखान्याआधी आलेला माणूस

निधी आला म्हणून लोक आपोआप येतात असे नाही. दूरच्या शहरातून आलेल्या श्वेतवर्णीय डॉक्टरांवर डेल्टातील कृष्णवर्णीय कुटुंबांनी विश्वास का ठेवावा? तेथील श्वेतवर्णीय वैद्यकीय वर्तुळातूनही या उपक्रमास विरोध होता. अशा वेळी जॉन हॅच यांची भूमिका महत्त्वाची ठरली. हॅच स्वतः कृष्णवर्णीय, दक्षिणेतील वळणाचे आणि समाजकार्याचे शिक्षण घेतलेले. विद्यापीठाच्या वतीने लोकांशी संपर्क ठेवणे व लोकांना संघटित करणे हे त्यांचे काम होते. केंद्राचे दार उघडण्यापूर्वीच ते या भागात फिरू लागले. चर्चमध्ये, दुकानांपुढे आणि घरांच्या ओसरीवर बसून त्यांनी लोकांशी गोष्टी केल्या. आम्ही अमुक देणार आहोत, असे सांगण्याऐवजी तुम्हांस काय हवे, असे ते विचारीत.

लोकांच्या उत्तरात डॉक्टर पहिल्या क्रमांकावर नव्हता. अन्न, काम, पाणी व राहण्याजोगे घर या गोष्टी आधी आल्या. हे उत्तर विद्यापीठास कळविणे आणि त्यानुसार कामाची आखणी बदलावयास लावणे, ही हॅच यांची खरी कामगिरी होय. त्यांनी गावोगावी लोकांच्या आरोग्य समित्या स्थापन केल्या आणि त्यांच्या प्रतिनिधींची एक परगणा परिषद बनविली. केंद्रात कोणास नोकरी द्यावी, कोणते काम आधी हाती घ्यावे, यांवर ही परिषद आपले मत देऊ लागली.

औषधाच्या चिठ्ठीवर अन्न

केंद्र सुरू झाल्यावर डॉक्टरांकडे अर्धपोटी, वारंवार जंतुसंसर्ग होणारी बालके येऊ लागली. उपचाराने मूल बरे होई, घरी जाई आणि पुन्हा तसेच परत येई. तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजीपाला आणि मांस लिहून देण्यास आरंभ केला. ती चिठ्ठी गावातील किराणा दुकानात दाखवावयाची आणि दुकानदाराने बिल केंद्राकडे पाठवावयाचे, अशी व्यवस्था होती. हा खर्च औषधालयाच्या शीर्षाखाली टाकला जाई.

निधी देणाऱ्या कार्यालयाने यास हरकत घेतली. औषधालयाचा पैसा रोगावरील उपचारासाठी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. यावर गायगर यांनी दिलेले उत्तर पुढे प्रसिद्ध झाले. वैद्यकाच्या पुस्तकांत कुपोषणावरील उपचार अन्न हाच सांगितला आहे, असा त्याचा आशय होता. आमचे आयुष्य पावत्या आणि खर्चशीर्षे जुळविण्यात गेले असल्याने हा प्रसंग आम्हांस विशेष लक्षणीय वाटतो. हरकत घेणारा अधिकारी आपले कर्तव्यच करीत होता. परंतु शीर्ष ज्या हेतूने निर्माण झाले, तो हेतू सिद्ध होतो की नाही, हा हिशेबाचा मूळ प्रश्न आहे, आणि गायगर यांच्या उत्तराने तो नेमका पुढे आला.

चिठ्ठीवरचे अन्न कायमचे चालणार नव्हते आणि लोकांनाही ते नको होते. ज्या लोकांनी जन्मभर जमीन कसली, त्यांना आपले अन्न आपण पिकवावयाचे होते. १९६८ मध्ये हॅच यांच्या पुढाकाराने सहकारी शेती संस्था स्थापन झाली. ज्या प्रदेशात केवळ कापूस दिसे, तेथे वाटाणा, घेवडा, रताळी व पालेभाज्या पिकू लागल्या. शेकडो कुटुंबे सभासद झाली आणि कामाच्या बदल्यात त्यांना उत्पन्नाचा वाटा मिळू लागला. याच काळात केंद्राच्या स्वच्छता विभागाने विहिरी खोदल्या, शौचालये बांधली आणि घरांची डागडुजी केली. स्थानिक तरुणांच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले गेले. मळ्यावरील बटाईदार कुटुंबात वाढलेल्या आणि सहकारी शेतीच्या कामात पुढे आलेल्या एल. सी. डॉर्सी या पुढे उच्च शिक्षण घेऊन याच आरोग्यकेंद्राच्या संचालक झाल्या.

टफ्ट्स विद्यापीठाचा सहभाग पुढे संपला, केंद्र मात्र आजही चालू आहे. त्याच्या धर्तीवर अमेरिकेत उभ्या राहिलेल्या आरोग्यकेंद्रांतून आज दरवर्षी ३ कोटींहून अधिक लोक उपचार घेतात. अशा केंद्रांच्या नियामक मंडळावर निम्म्याहून अधिक सदस्य तेथे उपचार घेणाऱ्या रुग्णांमधूनच असले पाहिजेत, असा तेथील कायदा आहे. हॅच यांनी गावोगावी नेमलेल्या समित्यांशी या तरतुदीचे नाते सहज लक्षात येते.

दुव्याची दुसरी बाजू

संपर्क कार्यकर्ता नेमला की विषमता कमी होते, असा समज मात्र होऊ नये. अमेरिकेतीलच दुसरे उदाहरण याविषयी सावध करणारे आहे. अलाबामा राज्यातील टस्कगी परिसरात १९३२ पासून तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालविला. त्यांपैकी ३९९ जणांस उपदंश हा रोग होता. रोग उपचाराविना कसा वाढतो हे पाहणे, हा अभ्यासाचा उद्देश होता, पण हे त्या रुग्णांस सांगितलेले नव्हते. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे प्रभावी औषध उपलब्ध झाल्यावरही त्यांना त्यापासून दूर ठेवण्यात आले. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून हे प्रकरण उघडकीस आले व अभ्यास थांबला. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने जाहीर क्षमा मागितली.

या अभ्यासातही एक दुवा होता. युनिस रिव्हर्स या कृष्णवर्णीय परिचारिका त्या रुग्णांच्या घरी जात, त्यांना गाडीतून तपासणीस आणीत, त्यांची आस्थेने विचारपूस करीत. रुग्णांस तपासणीच्या दिवशी गरम जेवण मिळे आणि मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च दिला जाई. त्याच्या बदल्यात शवविच्छेदनास संमती घेतली जाई. रिव्हर्स यांच्यावर लोकांचा विश्वास होता, आणि त्या विश्वासामुळेच ही माणसे चाळीस वर्षे अभ्यासात टिकून राहिली. निर्णय घेणारे अधिकारी व डॉक्टर वेगळे होते, त्यामुळे एका परिचारिकेवर सारा दोष ठेवणे योग्य होणार नाही.

हॅच आणि रिव्हर्स हे दोघेही लोकांमधलेच होते, दोघांनाही लोकांचा विश्वास लाभला होता. फरक होता तो व्यवस्थेत. टस्कगी येथे माहिती केवळ लोकांकडून संस्थेकडे जात होती. संस्थेला काय ठाऊक आहे, हे लोकांस कळत नव्हते आणि तिला प्रश्न विचारण्याची सोयही नव्हती. बोलिव्हर परगण्यात लोकांचे म्हणणे संस्थेचा निर्णय बदलू शकत होते. म्हणून संपर्क कार्यकर्ता किती मनमिळाऊ आहे यापेक्षा, त्याने आणलेला निरोप ऐकून संस्था काय करते, हे पाहणे अधिक आवश्यक ठरते.

आपल्याकडील चित्र

महाराष्ट्रास हा विचार अपरिचित नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये भारतातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले होते. गावकऱ्यांच्या दृष्टीने अन्न व पाणी यांची निकड आधी होती, हे जाणून त्यांनी तेथूनच आरंभ केला. गावातल्याच, बहुधा अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. वैद्यकीय शिक्षणातही आता हा धागा आला आहे. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा, असा कार्यक्रम २०२२ पासून अभ्यासक्रमात समाविष्ट झाला आहे.

धर्मादाय रुग्णालयांपुरते बोलावयाचे, तर आमच्यावर कायद्याचीही जबाबदारी आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी रुग्णास थांबवून न ठेवता, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणे बंधनकारक आहे.

म्हणजे खाट आहे, निधी आहे, नियमही आहे. तरीही ज्याच्यासाठी हे सारे आहे, तो रुग्ण आणि ती खाट यांच्यामध्ये बरेच काही उभे असते. अशी सोय आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. ठाऊक असले तरी मोठी इमारत पाहून आत जाण्याचा धीर होत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा, शिधापत्रिका हवी. शिधापत्रिका गावी राहिलेली आणि रुग्ण शहरात भावाकडे आलेला. रोजंदारीवर जाणाऱ्याचा एक दिवस मोडला म्हणजे त्या दिवसाची चूल अडचणीत येते. घरातील बाई आजारी असेल तर मुलांना कोण पाहणार, या विचारात तिचे दुखणे लांबते. आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तपासणीस या, असे सांगितलेला रुग्ण पुष्कळदा केवळ गाडीभाड्यापायी येत नाही. यांतील एकही अडचण डॉक्टरांच्या चिठ्ठीने सुटणारी नाही.

आमचे समाजसेवा विभागातील कार्यकर्ते याच मधल्या जागेत काम करतात. वस्तीतील आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, महिला बचत गट व तरुण मंडळे यांच्याशी ते संपर्क ठेवतात. कोणत्या रुग्णास धर्मादाय योजनेचा आणि कोणास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळू शकेल हे पाहून, त्याप्रमाणे कागदपत्रे मिळविण्यास ते मदत करतात. घरी गेलेला रुग्ण परत का आला नाही, याची चौकशी करतात. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम म्हणजे, आमच्याविषयी लोक काय म्हणतात ते आमच्यापर्यंत आणणे. बाह्यरुग्ण विभागाची वेळ मजुरांस सोयीची नाही, खिडकीवर नीट उत्तर मिळत नाही, फलक वाचता येत नाहीत, अशा गोष्टी आमच्या दालनात बसून आम्हांस कळणे कठीण असते. त्या ऐकणे नेहमीच सुखद असते असे नाही, पण त्या कानावर येण्यासाठीच हा खर्च आहे.

हिशेब कसा तपासावा

वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेल्या माणसास, फळ मोजता येत नसेल तर खर्च करू नये, असेच शिकविलेले असते, आणि ते आम्हांस आजही मान्य आहे. समाजसंपर्काचे फळही मोजता येते, मात्र माप योग्य हवे. किती शिबिरे भरली आणि किती माणसे जमली, एवढ्या आकड्यांवरून फारसे कळत नाही. त्यापेक्षा विश्वस्त व देणगीदार यांनी आम्हांस पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला, राखीव खाटांपैकी वर्षभरात प्रत्यक्ष किती दिवस किती खाटा भरलेल्या होत्या? दुसरा, दूरच्या गावांतून व गरीब वस्त्यांतून आलेले रुग्ण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आले, आणि ते मागील वर्षापेक्षा लवकर येऊ लागले आहेत काय? तिसरा, फेरतपासणीस बोलावलेल्यांपैकी किती जण परतले व जे आले नाहीत त्यांची कारणे काय? चौथा, कार्यकर्त्यांनी लोकांकडून आणलेल्या किती सूचना वा तक्रारी व्यवस्थापनापुढे आल्या आणि त्यांपैकी किती बाबतींत काही बदल झाला? पहिले तीन प्रश्न कार्यकर्त्यांच्या कामाविषयी आहेत, तर चौथा आम्हां व्यवस्थापनातील मंडळींविषयी आहे. तो विचारला गेला नाही, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे फार काळ चांगली राहत नाहीत, हे टस्कगीच्या उदाहरणावरून उघड होते.

देणगीदारांना आमची विनंती आहे, की देणगी देताना तिचा काही भाग कोणत्याही विशिष्ट वस्तूशी न बांधता, समाजसंपर्कासाठी वापरण्याची मुभा द्यावी. एखाद्या रुग्णाचे बसभाडे किंवा दाखल्यासाठी करावी लागलेली खेप यांसाठी उपकरण निधीतून खर्च करता येत नाही, आणि तसा तो करणे योग्यही नाही. विश्वस्तांना विनंती, की मंडळाच्या सभेत समाजसेवा विभागाचे निवेदन प्रत्यक्ष कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकावे.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दोन शब्द. धर्मादाय योजनेची चौकशी करणे हा आपला हक्क आहे, त्यात कमीपणा मानू नये. दाखल होतेवेळीच समाजसेवा कक्षात भेटावे. कागदपत्रे अपुरी असली तरी ती कशी मिळवावयाची याचे मार्गदर्शन तेथे केले जाईल. आणि आपल्या शेजारी, आपल्या गावात कोणी दुखणे अंगावर काढीत असेल, तर त्यास आमच्या कार्यकर्त्यांचे नाव अवश्य सांगावे. आमच्या नोंदवहीत ज्याचे नाव नाही, त्याची ओळख आपणांस आहे. ती आमच्यापर्यंत पोहोचविण्याचे सहकार्य आपण सर्वांनी करावे, ही नम्र विनंती.